दादाची कंबर

मला हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या सगळ्यांची नक्कल येते. कोपऱ्यावरचा इडलीवाला अन्ना येतो, तो चटणी वाढताना गिऱ्हाइकाकडं न बघता समोरच्या सिनेमाच्या पोस्टरकडं बघतो, तशी मान करून. बेगम बाजारचा मसालेवाला सेठ येतो, "देखो भाई, तुम तो घर के आदमी है" म्हणत घरच्या माणसालाच जास्त भाव लावणारा. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी काका येतात, माइक हातात आला की आधी खालच्या सुरात खाकरणारे, मग वरच्या. आणि आत्या तर अशी येते की एकदा मी आतल्या खोलीतून तिच्या आवाजात "अहो, ऐकलं का" म्हणालो, तर मामा, म्हणजे आत्याचे यजमान, हातातला पेपर टाकून स्वयंपाकघरात गेले. तिथं आत्याच होती. तिनं विचारलं, "काय पाहिजे?" मामा म्हणाले, "तूच सांग."

फक्त एका माणसाची नक्कल येत नव्हती. तो नेमका आमच्याच घरात राहायचा, माझ्याच खोलीत, माझ्याच पंख्याखाली.

तो माझा आतेभाऊ. मी त्याला दादा म्हणतो. दादा भारताकडून रग्बी खेळलेला आहे. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या लोकांना सांगितलंय की आता ते म्हणताना तोंड आंबट होतं.

माझी शाळा देगलूरची. तिथं रग्बी कुणाला माहीत नव्हती. बॉल अंड्यासारखा असतो, पळायचं पुढं आणि बॉल द्यायचा मागं, आणि बॉल ज्याच्या हातात त्याला बाकीच्यांनी लोळवायचं, एवढं मी वर्गात सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हणजे मधल्या सुट्टीत तुम्ही डब्यासाठी करताय तेच." दादा हैदराबादला कॉलेजात कबड्डी खेळायचा. तिथं कुणी एक कोच आला, त्यानं दादाला रेड टाकताना बघितलं आणि म्हणाला, हा कुणाच्या हाताला लागत नाही, याला माझ्याकडं द्या. वर्षभरात दादा विंगवर पळायला लागला. विंग म्हणजे मैदानाची कडेची बाजू, तिथं सगळ्यात वेगानं पळणारा ठेवतात. मग तो बाहेरच्या देशात गेला. आत्यानं चिवडा दिला होता, तो विमानतळावर काढून घेतला, आणि आत्या आजही म्हणते की तिथली मॅच त्यामुळंच हरले.

पेपरात त्याचा फोटो आला. पेपर तेलुगू होता, आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हता, तरी बाबांनी कापून टीव्हीच्या वर चिकटवला. मी टीव्ही बघायला बसलो की वरून दादा माझ्याकडं बघायचा. गणितात नापास झालो तर बाबा नुसते तिकडं बोट करायचे.

आणि त्याचे कपडे. आत्या दर दिवाळीला पिशवी भरून पाठवायची. दादाचे शर्ट, दादाच्या पँटी, दादाची सायकल, दादाचे बूट. मी वाढलो ते दादाच्या आतच. फक्त निळी जर्सी कधी आली नाही, तिरंगा लावलेली. ती आत्याच्या लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली होती. मी प्रत्येक पिशवी तळापर्यंत उपसायचो.

मोठा झालो, आबिड्सला चष्म्याच्या दुकानात कामाला लागलो आणि आत्याकडं राहायला आलो. तोवर दादाचं खेळणं संपलेलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टीमबाहेर गेला, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळाली. मला वाटलं, चला, आता हा आपल्यासारखाच. डबा घेऊन जाईल, डबा घेऊन येईल. कसलं काय. रविवारी सकाळी तो शाळेच्या ग्राउंडवर पोट्ट्यांना रग्बी शिकवायला लागला, फुकट, आणि गल्लीत त्याची इज्जत दुप्पट झाली. मी त्याच्यामागं गाडीवर बसलेलो असलो तरी चौकातला पोलीस त्यालाच सलाम करायचा. इडलीवाला अन्ना त्याच्या प्लेटीत एक वडा जास्त टाकायचा आणि माझ्या प्लेटीत पोस्टर बघत चटणी.

माझ्याकडं एकच गोष्ट माझी स्वतःची होती. मंडळाच्या गणपतीत माझा नकलांचा आयटम. दर वर्षी शेवटून दुसरा, आरतीच्या आधी. त्या संध्याकाळी नल्लकुंटा, बरकतपुरा, विद्यानगर, सगळीकडची मराठी माणसं हसून हसून खुर्चीतून घसरायची आणि आत्या शेजारच्या बाईला सांगायची, "माझा भाचा आहे." वर्षातून तेवढा एक दिवस ती भाचा म्हणायची. बाकीचे दिवस तिच्या तोंडात दादाच.

तर यंदा सेक्रेटरी काका दुकानात आले, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून. मी त्यांना खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला लावली. काका वाचता वाचता म्हणाले, "यंदा तुझ्या दादाचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र."

"चांगलंय की," मी म्हणालो आणि भिंग जरा जोरात बसवलं.

"आई ग. हळू. तर तुझ्या आयटमची वेळ त्यालाच द्यावी लागते. पण मी म्हटलं, पोराचं मन नको मोडायला. तू यंदा एकच नक्कल कर. दादाची. त्यानंतर सत्कार."

"काका, दादा बोलतच नाही. नक्कल कशाची करू?"

"ते तू बघ. जमलं तर जागा तुझी, पुढच्या वर्षीपण. नाही जमलं तर लहान मुलींचा डान्स बसवायला त्या जोशीणबाई कधीपासून मागं लागल्यात. खालची ओळ दिसत नाही रे."

मला मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. जी एक गोष्ट माझी होती, ती पण दादाच्या हातातून घ्यायची होती. जुन्या शर्टासारखी.

कामाला लागलो. दादा दिवसभरात दोनच शब्द बोलतो, "हं" आणि "बघू". मी आरशासमोर हं हं करत बसलो. आवाज हुबेहूब आला, पण असा हं तर आमच्या दुकानाचा वॉचमनपण करतो. मग म्हटलं कान. दादाचा डावा कान मैदानात रगडून रगडून फुगलेला आहे, भिजलेल्या पापडासारखा. मी आत्याच्या परातीतली कणीक घेऊन कानाला लावली, छाती काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "हं."

आत्यानं वर बघितलं. "कोण झालायस रे? गॅस सिलिंडरवाला?"

"दादा."

"दादा असा कुठं असतोय? आणि कणीक काढ ती. पोळ्या कमी पडतील."

मामा हसले. माझ्या नकलेला नाही, मला. यातला फरक ज्याला लोकांना हसवायचंय त्यालाच कळतो.

रविवारी मी दादाच्या मागं ग्राउंडवर गेलो. नीट बघून घ्यावं म्हणून. तो पोट्ट्यांना उभं करून एकेकाला अडवायला शिकवत होता. मला बघून म्हणाला, "ये. पळ माझ्या अंगावर. मला चुकवून दाखव."

मी बॉल काखेत घेतला. मला वाटलं, माझ्यासारखा फसवणारा याला कुठं मिळणार. मी डावीकडं बघितलं आणि उजवीकडं पळालो. त्यानं धरलं. मी रडवेला चेहरा केला आणि एकदम सुटलो. धरलं. मी पळता पळता काकांसारखा खाकरलो, पोट्टे हसून बसले, दादानं न हसता मला उचलून गवतावर ठेवलं, आत्या दह्याचं भांडं ठेवते तसं, अलगद.

"कसं कळतंय तुला?" मी गवतावरूनच विचारलं.

दादा त्याच्या मानानं भाषणच म्हणायचं एवढं बोलला. "तू चेहऱ्यानं फसवतोस. डोळ्यानं, हातानं. मी तिकडं बघतच नाय. कमरेकडं बघतो. कंबर जिकडं, माणूस तिकडं. कंबर खोटं बोलत नाय."

तिथंच मला माझी चूक कळली. मी आयुष्यभर माणसांची तोंडं बघत आलो होतो. त्या दिवसापासून मी दादाच्या कमरेकडं बघायला लागलो. आता हे ऐकायला कसं वाटतं मला माहीत आहे. घरी मामांनी एकदा विचारलंही, "काय रे, त्याचा पट्टा पाहिजे का तुला?"

पण दिसायला लागलं. आमचं घर पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, पायऱ्या उंच. दादा ऑफिसला निघाला की रोज त्याचा फोन यायचा. बूट घातले, आत्या दूध बघायला आत गेली की हा दारात, फोन कानाला. "हां अन्ना... हां... चूस्तानु... हां." तेलुगूत कुणातरी अन्नाला, म्हणजे भाऊला, बघतो, बघतो म्हणत हळूहळू उतरायचा. डावा हात भिंतीला, नुसता टेकल्यासारखा. मी रोज ऐकायचो आणि जळायचो, की याला सकाळी सकाळी एवढे फोन येतात, मला फक्त कंपनीवाले क्रेडिट कार्ड विकायला.

आता कमरेकडं बघत होतो म्हणून वेगळंच दिसलं. त्याचा प्रत्येक "हां" बरोबर पायरीवर पडत होता. पाय टेकला की हां. मोठी पायरी, लांब हां. मी खोट्या आवाजांवर वाढलोय. खरा माणूस फोनवर ऐकताना कधी लवकर बोलतो, कधी मध्येच तोंड घालतो. हा तर जिन्याच्या तालावर बोलत होता. फोनच्या पलीकडं कुणी नव्हतं. आणि कंबर सगळी उजवीकडं कलंडलेली, डाव्या गुडघ्यावर वजन पडू नये म्हणून.

पुढच्या रविवारी ग्राउंडवर मी विचारलं, "दादा, सकाळी फोनवर कोण असतं?"

तो बॉल पुसत होता. "हं," म्हणाला. मग म्हणाला, "आईला नक्को बोलू."

"दुखतोय का लई?"

"उतरताना. पळताना एवढं नाय. फोन नसताना हल्लू उतरलो की आई विचारणार, विचारलं की ग्राउंड बंद. तिनं एकदा ऑपरेशन बघितलंय, अजून एक नाय बघायची." पोट्ट्यांकडं मान केली. "यांचं काय करू मग?"

"काकांनी मला तुझी नक्कल करायला सांगितलीय."

"कर की."

"तुझं दुसरं काहीच नाही रे नक्कल करण्यासारखं. जे आहे ते हेच आहे, जिना आणि फोन. सगळा हॉल ओळखेल."

दादा माझ्याकडं बघत होता. तोंडाकडं नाही. "फोन नक्को करू," म्हणाला. "बाकी बघू."

खरं सांगतो, घरी येताना गाडीवर त्याच्या मागं बसून मी मनातल्या मनात फोन करून बघितला. हां अन्ना, हां, चूस्तानु. इतका सुंदर बसत होता. हॉल पडला असता. ज्या दिवशी मला दादाची एक अख्खी गोष्ट सापडली, त्याच दिवशी ती वापरायची नाही म्हणे. लहानपणी पिशवीतून सगळं यायचं आणि जर्सी नाही, तसंच.

कार्यक्रमाच्या दिवशी जर्सीही आली. आत्यानंच कपाट उघडलं. "घाल. नक्कल करायची तर नीट कर." मला वाटलं होतं, ती अंगात घातल्यावर काहीतरी होईल. माझ्यासारखे दोन मावले असते त्यात, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासानं शिंक आली.

हॉल भरला होता. स्टेजवरून समोर उतरायला लाकडी पायऱ्या होत्या, पहिल्या रांगेत दादा नवा कुर्ता घालून बसलेला, शेजारी आत्या, तिच्या पलीकडं मामा. काका दोन्ही सुरात खाकरले आणि माझं नाव पुकारलं.

मी स्टेजवर आलो आणि म्हणालो, "हं."

कुणी खोकलं. मी म्हणालो, "बघू." मागच्या रांगेत एका बाईनं मुलाला वेफर्सचा पुडा फोडून दिला, त्याचा आवाज पूर्ण हॉलमध्ये गेला. मी कानाला कणीक लावलेली होती, ती घामानं सुटली आणि खांद्यावर पडली. त्यावर थोडं हसू आलं. पण तेच, मामांसारखं हसू. जोशीणबाई बाजूच्या दारात घुंगरू बांधलेल्या मुली घेऊन उभ्या होत्या आणि काका त्यांच्याकडं बघून मान हलवत होते.

खिशात फोन होता. हात गेला तिकडं. दादा बघत होता, माझ्या हाताकडं नाही, कमरेकडं. काढणार की नाही हे त्याला माझ्या आधी कळणार होतं.

हात बाहेर काढला, रिकामाच. मग तोंड सोडून दिलं. चेहराच करायचा नाही म्हटलं. स्टेजवर सत्काराचा नारळ ताटात ठेवलेला होता, तो उचलून बॉलसारखा काखेत घेतला आणि सगळं वजन उजव्या कमरेत टाकलं. नुसता चाललो. इकडून तिकडं. मागं कोण आहे ते खांद्यावरून बघत, दादा घरातपण बघतो तसं, भाजीचं भांडं नेतानापण. वेफर्सचा आवाज थांबला. कुणीतरी म्हणालं, "अगं, तोच की." हसू नव्हतं. पण सगळे खुर्चीत पुढं सरकले होते, आणि माझ्या आयुष्यात हॉल असा कधी गप्प झाला नव्हता. मला इतकं गोड लागलं की थांबवेना. दादा ऑफिसला निघतो तसा मी स्टेजच्या पायऱ्यांपाशी आलो आणि उतरायला लागलो. डावा हात भिंतीला, तिथं भिंत नव्हती तरी. फोन नाही, हां नाही, काही नाही. फक्त कंबर. ती तर खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या पायरीवर आत्या अर्धी उठली. हात पुढं करून म्हणाली, "हळू रे. गुडघा."

मला म्हणाली. माझ्याकडं बघून, अगदी हळू, रोज म्हणत असल्यासारखं. मी तिथंच थांबलो, एक पाय वर, एक खाली. आत्यालाही कळलं आपण काय बोललो ते. ती बसली आणि पदर नीट करायला लागली.

दादा तिच्याकडं वळला. "तुला माहीत होतं?"

आत्या समोर बघत म्हणाली, "दूध काय रोज तू निघतानाच तापत असतंय व्हय रे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दादानं बूट हातात घेतले की आत्या रोज म्हणायची, "आले रे, गॅसवर दूध आहे," आणि आत जायची. मला वाटायचं या घरात दूध सारखं उतूच जात असतं. तो पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत खोटा फोन करायचा तिला दिसू नये म्हणून, आणि ती तेवढा वेळ थंड गॅससमोर उभी राहायची, त्याला दिसू नये म्हणून की तिला दिसतंय.

टाळ्या काकांनी सुरू केल्या. मग सगळा हॉल. लोक उभे राहिले. माझ्या कुठल्याही नकलेला कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. मी वाकून नमस्कार केला आणि वर बघितलं तर निम्मे लोक दादाकडं बघून टाळ्या वाजवत होते.

सत्कार झाला. मानपत्र मीच वाचलं, कारण दादाला मराठी सरसर वाचता येत नाही, शाळा तेलुगू मीडियमची. तेवढ्या एका गोष्टीत मी पुढं आहे, म्हणून मी प्रत्येक जोडाक्षर ताणून ताणून वाचलं. काका कानाशी येऊन म्हणाले, "जागा तुझी. पुढच्या वर्षी पक्कं." आणि वर, "पण हाच आयटम ठेव. दादाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ऑफिसला निघाला. बूट घातले, दारात आला. फोन काढला नाही. आत्या आत गेली नाही. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेऊन एकेक पायरी उतरायला लागली. "संध्याकाळी डॉक्टरकडं जायचंय," म्हणाली.

"बघू."

"बघू नाही. आणि ग्राउंडवर खुर्ची टाकून बसायचं. पळायचं पोरांनी."

"हं."

म्हणजे ग्राउंडपण सुटलं नाही. मी वर कठड्याला टेकून हे सगळं बघत होतो. दोघं अख्खा जिना मिळून असे उतरले, की मला तो फोन आणि ते दूध आठवलं आणि वाटलं, माझ्यासाठी आजवर कुणी एवढं मन लावून खोटं बोललेलं नाही.

आत्या वर आली. मी डबा घेतला, चपला घातल्या आणि उतरायला लागलो. डावा हात भिंतीला, कंबर उजवीकडं, पाय जरा ओढत. दुसऱ्या पायरीवर थांबलो, तिला "हळू रे" म्हणायला वेळ मिळावा म्हणून.

मागून आत्याचा आवाज आला.

"नाटकं बंद कर. आणि उतरलायसच तर संध्याकाळी येताना दही आण."